सीटखालचं बटण

कागद उडाला आणि थेट गफूर मिस्त्रीच्या तोंडावर जाऊन बसला.

“उलटा फिरतोय रे रघू,” तोंडावरचा कागद काढत तो म्हणाला. “हवा बाहेर फेकतोय. रेडिएटर राहिला बाजूला, मलाच गार करतोय.”

मी पंख्याच्या दोन्ही वायरी सोडवल्या, अदलाबदल करून जोडल्या आणि परत करंट दिला. या वेळी कागद पंख्यासमोरच्या जाळीजवळ नेला तसा तो आत ओढला गेला आणि जाळीला चिकटला. फडफडत राहिला, पण पडला नाही. आमच्या धंद्यात पंख्याची परीक्षा हीच. मीटर नंतर, आधी कागद.

“आता बरोबर,” गफूर म्हणाला. “आता हिला मुंगीच्या चालीनं न्या, नाहीतर दिवसभर चालू करून उभी ठेवा. उकळली तर माझ्या मिशा काढतो.”

“तुला मिशा कुठं आहेत?”

“म्हणूनच बोललो.”

हे सगळं तो दत्तोबा गुरुजींना ऐकू जाईल असं बोलत होता. गुरुजी लिंबाखाली छत्री मिटून उभे होते. गाडी त्यांच्या समितीची होती. वैकुंठरथ. मागं काचेची पेटी, वरच्या पट्टीला झेंडूच्या माळा अडकवायचे हूक, दारावर ‘सर्वांसाठी सेवा’ असं लिहिलेलं. गावातलं मढं स्मशानात नेणारी एकुलती एक गाडी. गाव सोलापूर जिल्ह्यातलं. नाव लिहीत नाही, कारण एका गावाचं नाव लिहिलं की बाकीची गावं सुटतात.

गाडीचं मूळचं पेट्रोल इंजिन संपलं होतं. गफूरनं त्या जागी मोडीत निघालेल्या एका पिकअपचं डिझेल इंजिन बसवलं. इंजिन चांगलं होतं, पण चार बोटं लांब. पट्ट्यावर फिरणारा पंखा रेडिएटरला घासायला लागला, म्हणून त्यानं तो काढूनच टाकला. दुसरी गाडी असती तर चालून गेलं असतं. पळणाऱ्या गाडीला वाराच गार करतो. पण वैकुंठरथ पळत नाही. तो हलगीच्या मागं, माणसांच्या पावलानं चालतो, त्याला वारा लागत नाही. सोसायटीच्या जुन्या चेअरमनची अंत्ययात्रा निघाली तेव्हा गाडी भर पेठेत उकळली. वाफेत म्हातारा दिसेना, बायकांना वाटलं मढ्यालाच काहीतरी झालं. त्यानंतर रेडिएटरच्या पुढं विजेचा पंखा बसवायचं ठरलं आणि वायरिंग माझ्याकडं आलं. गावात गाड्यांचं लाइटचं काम करणारा मी एकटाच. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं जळालेल्या वायरींनी शिकवलं.

मी गुरुजींना जवळ बोलावून दाखवलं. रेडिएटरच्या टाकीत एक छोटा स्विच बसतो. पाणी तापलं की तो बारीक वायरीतून या काळ्या डबीला सांगतो. ही डबी म्हणजे रिले. रिले जाड वायरीतून पंख्याला करंट सोडतो. पाणी गार झालं की पंखा बंद. ड्रायव्हरनं काही करायचं नाही. गुरुजींनी मला चौथीत भागाकार शिकवला होता. आज मी त्यांना शिकवतोय म्हणून मला बरं वाटत होतं.

“छान,” गुरुजी म्हणाले. मग गफूरकडं वळून, “गफूरभाई, पलीकडं चहा सांगून येता का? स्वतः उभं राहून सांगा, नाहीतर तो पाणीच पाठवतो.”

गफूर गेला. तो रस्ता ओलांडेपर्यंत गुरुजी थांबले.

“रघुनाथ, ती जी सांगणारी बारीक वायर आहे, ती मध्ये तोडता येईल का? म्हणजे हवं तेव्हा तोडायची, हवं तेव्हा जोडायची.”

“बटण बसवता येईल. पण कशाला गुरुजी? पंखा आपोआप चालतो की.”

“आपोआप चालणाऱ्या गोष्टीवर कोणाचा ताबा राहत नाही, बाळ.”

मी हसलो. मला वाटलं, ते गमतीनं बोलतायत.

“हलगीवाल्या लिंबाजीच्या मुलानं अर्ज केलाय,” ते म्हणाले. “भानुदासनं. तहसीलदारांचं पत्र आलंय. गाडी खालच्या वस्तीलाही द्यायची. देऊ. आपण नाही म्हणत नाही. पण गाडी जुनी, इंजिन परकं. तापते. यंत्राला कुठं जात असते? त्याच्यावर कोणी अर्ज करू शकत नाही.”

खालची वस्ती कोणाची हे सांगायची आपल्याकडं पद्धत नाही, सगळे समजून घेतात. मी सांगतो. मातंगांची. वीस वर्षं त्यांच्यातलं कोणी गेलं की समितीकडून एकच उत्तर जायचं, गाडी बंद आहे. ती बंद नसायची. मला माहीत होतं, कारण तिचा हॉर्न आणि तिच्या लाइटी मीच बघत होतो. मी लोहार. ना वरच्या आळीतला, ना खालच्या वस्तीतला. मधल्या माणसाला गप्प बसायला दोन्हीकडून जागा मिळते.

“ड्रायव्हरच्या सीटखाली बसव,” गुरुजी म्हणाले. “पोपटला मी सांगतो. बाकी कोणाला कळायचं कारण नाही. गफूरभाईंनाही नको, त्यांना उगीच वाईट वाटेल.”

माझं दुकान समितीच्या भिंतीला लागून होतं. ती जागा गुरुजींनीच मिळवून दिली होती. मी घाबरून ते बटण बसवलं असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला बरं वाटेल आणि मलाही. पण ते खोटं होईल. गुरुजींनी धमकी दिली नाही, आवाजही चढवला नाही. खरं सांगायचं तर मला ते काम हुशारीचं वाटलं. वायर कुठून न्यायची याचा मी अर्धा तास विचार केला. बटण कशासाठी याचा एक क्षणही केला नाही. चटईखालून, मूळच्या वायरींच्या जुडग्यात मिसळून, त्याच रंगाची चिकटपट्टी गुंडाळून ती अशी नेली, की फ्यूज तपासा, रिले तपासा, पंखा तपासा, सगळं ठणठणीत सापडावं आणि पंखा तेवढा फिरू नये. काम संपल्यावर मी ते लांब उभं राहून बघितलं. कुठं काही दिसत नव्हतं. मला अभिमान वाटला.

पावसाळ्यात वस्तीतली एक म्हातारी गेली. गाडी गेली. कालव्याच्या पुलाजवळ उकळली. पोपट ड्रायव्हरनं खाली उतरून डोक्याला हात लावला, बॉनेट उघडलं, इंजिनला दोन शिव्या दिल्या. लोकांनी तिरडी बाहेर काढली आणि खांद्यावरून नेली. जाताना पोपटलाच म्हणाले, “ऱ्हाऊ द्या ड्रायव्हर, गाडी जुनीच हाय. तुमी आलात तेच लई झालं.” पोपटनं मला हे हसत हसत सांगितलं. मीही हसलो होतो. दिवाळीनंतर आणखी एकदा तसंच झालं. दोन्ही वेळा बटण पोपटच्या टाचेजवळ होतं.

मग मे महिन्यात लिंबाजी गेला.

लिंबाजी हलगीवाला. वैकुंठरथाच्या पुढं चालणारा माणूस. गावात कोणीही जावो, वरच्या आळीतला असो की पेठेतला, लिंबाजी पुढं आणि गाडी मागं. गाडीचा वेग पोपट ठरवत नव्हता, लिंबाजीचे पाय ठरवायचे. तीन-साडेतीन किलोमीटर उन्हातान्हात वाजवत जायचा. स्मशानाच्या फाटकाशी थांबायचा, हलगी खांद्याला लावून एकटा माघारी फिरायचा. आत त्याला कोणी बोलवत नसे.

सकाळी आठला भानुदास माझ्या दुकानासमोर आला. बोर्ड रंगवायचा तो, सगळे त्याला भानुदास पेंटरच म्हणत. पंचविशीतला पोरगा, बोटांना कायम रंग. त्या दिवशी बोटं धुतलेली होती.

“मामा, आमचे दादा गेले पहाटे.”

“अरेरे. कसं झालं?”

“झोपेतच. चांगलं झालं.” तो उभाच होता. “गाडी सांगितलीय. गुरुजी नाही म्हणाले नाहीत.”

“बरं.”

“पण ती तापते मामा. दोन वेळा झालं. आमची माणसं वीटभट्टीवर गेलीत, वस्तीत म्हातारी आणि बायका उरल्यात. पुलापासून खांद्यावर न्यायला पुरेसे खांदे नाहीत.” त्यानं खाली बघितलं. “आणि खरं सांगू? खांदे असते तरी मला गाडीच पाहिजे होती. वीस वर्षं ती दादांच्या मागं चालली. एक दिवस त्यांनी तिच्यात बसावं. फाटकाच्या आत जावं. एवढंच.”

मी हातातला पाना पुसत राहिलो.

“तुम्ही सोबत चालाल का? काही झालं तर बघायला. तुम्हीच वायरिंग केलंय म्हणतात. तुमचा हात लागला की चालते गाडी.”

मी पाना आणि टेस्टर खिशात टाकले. त्याच वेळी सांगता आलं असतं. दुकानात तो आणि मी, दोघंच होतो.

दहा वाजता यात्रा निघाली. ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. पुढं लिंबाजीच्या चुलत भावाची दोन पोरं हलगी वाजवत होती. त्यांचा हात लिंबाजीसारखा नव्हता आणि त्यांना ते माहीत होतं. मागं गाडी, काचेच्या पेटीत लिंबाजी, डोक्याला गुलाबी पटका. मी ड्रायव्हरच्या खिडकीला धरून चालत होतो. तापमानाचा काटा मला दिसत होता. पेठ संपेपर्यंत तो अर्ध्यावर आला. शाळेपाशी पाऊण. त्यानंतर पंखा सुरू व्हायला हवा होता. झाला नाही.

“पोपट,” मी हळू आवाजात म्हणालो.

“काय मिस्त्री?”

“काटा बघ.”

“बघतोय की. जुनी गाडी आहे.”

“आज नको.”

त्यानं समोरच बघत राहून ओठ न हलवता म्हटलं, “मला गुरुजींनी सांगितलंय. तुम्ही त्यांच्याशी बोला.”

गुरुजींशी बोलायला मागं गावात जावं लागलं असतं. पुढं पूल दिसत होता. कालव्याच्या पुलावर चढ लागतो. चढावर काटा लाल पट्टीत गेला, बॉनेटखालून शिट्टीसारखा आवाज आला आणि पांढरी वाफ हलगीवाल्या पोरांच्या पाठीवर गेली. वाजवणं थांबलं. पोपटनं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि डोक्याला हात लावला, नेहमीसारखा.

बायका रडायच्या थांबल्या. ती शांतता मला अजून ऐकू येते. रडणारी माणसं गप्प होतात ती दुःख संपलं म्हणून नाही, पुढं काय करायचं ते कळत नाही म्हणून.

एक म्हातारा म्हणाला, “काढा रं. घ्या खांद्यावर. आपल्या नशिबी ही गाडी न्हाई.”

“थांबा,” भानुदास म्हणाला. “मामा आहेत.”

मी बॉनेट उघडलं. वाफ जाऊ दिली. तो माझ्या खांद्याला खांदा लावून वाकला होता.

“पंखा फिरत नाहीये मामा.”

“हो.”

“जळाला असेल?”

“बघतो.”

मी खिशातून टेस्टर काढला. फ्यूजला लावला. रिलेची डबी काढली, फुंकली, परत बसवली. एक वायर ओढून बघितली. मला माहीत असलेलं उत्तर मी पाच मिनिटं शोधत राहिलो, शंभर माणसांच्या देखत. बायका-पोरांनी कालव्यातून कळशीभर पाणी आणून रेडिएटरवर ओतलं. मग मी म्हणालो, “आत एक कनेक्शन बघावं लागेल,” आणि ड्रायव्हरच्या दारातून वाकून हात सीटखाली घातला. पोपट शेजारीच उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. मी बटण दाबलं.

“किल्ली फिरव,” मी म्हणालो.

इंजिन लागलं. आणि पंखा असा घोंघावला, की पुढं उभी असलेली पोरं मागं सरकली.

“चालला,” कोणीतरी म्हणालं. “चालला बघा पंखा.” त्या म्हाताऱ्यानं दोन्ही हात जोडले, मला की पंख्याला कोण जाणे. लिंबाजीच्या बायकोनं लांबूनच माझ्यावरून हात ओवाळून बोटं कानशिलावर मोडली. आणि भानुदास आला, सगळ्यांसमोर पुलावर वाकला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

“मामा, दादांना तुम्ही पोचवलं.”

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “ऊठ,” म्हणालो. “चला, उशीर होतोय.”

गाडी फाटकातून आत गेली. लिंबाजी आत गेला. मी चितेपर्यंत सोबत होतो. लोक मला पाणी देत होते, सावलीत बसा म्हणत होते. त्या दिवशी गावात माझ्याइतका चांगला माणूस नव्हता.

संध्याकाळी गुरुजी दुकानाशी थांबले. “पंखा चालला म्हणे.”

“रिले सैल होता,” मी म्हणालो.

“असं.” ते जरा वेळ छत्रीच्या टोकानं मातीत रेघ ओढत राहिले. “बरं झालं. लिंबाजी आपलाच माणूस होता. पण रघुनाथ, पुढच्या वेळी तू जाऊ नकोस.”

“बरं,” मी म्हणालो.

तेराव्यानंतर भानुदास आला. हातात वही होती.

“मामा, त्या दिवशी काय बिघडलं होतं ते मला दाखवा. दर वेळी तुम्हाला कुठं बोलवायचं? आपणच शिकून घ्यावं म्हणतो.”

आता ऐका मी काय केलं. बटण दाखवायला मला आत एक हात घालावा लागला असता. त्याऐवजी मी त्याला रिलेचं चित्र काढून दिलं. चार पाय असलेली डबी. “हा पाय सैल होतो,” मी म्हणालो. “बॉनेट उघडायचं. ही डबी रेडिएटरच्या टाकीशेजारी आहे. अंगठ्यानं घट्ट दाबायची. पंखा चालतो.”

“एवढंच?”

“एवढंच.”

त्यानं ते चित्र वहीत माझ्यापेक्षा सुबक काढून घेतलं. पेंटरच तो. खाली तारीख टाकली.

भाद्रपदात वस्तीतला एक जण साप चावून गेला. मी गेलो नाही. गाडी पुलाच्या चढावर उकळली. भानुदास म्हणाला, थांबा, मला येतंय. पोपट गप्प राहिला. भानुदासनं बॉनेट उघडलं आणि वाफेतून हात घालून टाकीशेजारची डबी अंगठ्यानं दाबली. पंखा फिरला नाही. त्यानं परत दाबली. तिसऱ्यांदा दाबताना रेडिएटरचं झाकण उडालं.

चार दिवसांनी तो दुकानात आला. उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत पट्टीत. पट्टीवर पिवळे डाग.

“मामा, मी चुकीचा पाय दाबला का?”

मी पाना खाली ठेवला.

“नाही.”

“मी वही बघूनच दाबला. डावीकडून दुसरा.”

“पाय सैल नव्हता, भानुदास. कधीच सैल नव्हता.” आणि मग मी सगळं सांगितलं. बटण, वायर, गुरुजी, पोपट, पहिल्या दोन वेळा. त्या दिवशी पुलावर सीटखाली घातलेला हात. सांगताना मला हलकं वाटायला लागलं आणि त्या हलकेपणाचा मला राग आला.

तो ऐकत होता. चिडला नाही. शेवटी म्हणाला, “म्हणजे दादांच्या वेळी तुम्ही बटण चालू केलं.”

“हो.”

“आणि त्याआधी ते बसवलं पण तुम्हीच.”

“हो.”

“त्या दिवशी मी तुमच्या पाया पडलो होतो.”

“हो.”

“ते परत द्या.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, ना राग, ना टोमणा. एखादी वस्तू मागावी तसा तो मागत होता. मी स्टुलावरून उठलो आणि त्याच्यासमोर वाकलो. तो दोन पावलं मागं सरकला.

“इथं नाही. मी दुकानात पडलो नव्हतो. पुलावर, शंभर माणसांत पडलो होतो.”

बाहेर रस्त्यावर माणसं होती. समितीच्या ओट्यावर गुरुजी पेपर वाचत बसले होते.

“सोमवारी,” मी म्हणालो. “सोमवारी सकाळी येतो पुलावर.”

“बरं,” तो म्हणाला. “वस्तीला सांगतो.”

सोमवारी सकाळी सहाच्या एस.टी.नं मी बार्शीला बहिणीकडं गेलो. तीन दिवस राहिलो. बहिणीनं विचारलं, कसा काय आलास अचानक? म्हटलं, आठवण आली.

परत आलो तेव्हा गफूर मिस्त्री दुकानासमोर बसला होता. त्याच्या हातात माझं बटण होतं, दोन्ही बाजूंना वीतभर वायर लोंबत असलेलं. त्यानं ते माझ्या टेबलावर ठेवलं.

“तुझं आहे,” तो म्हणाला. “उपटून काढलं. पंख्याची वायर सरळ जोडून दिलीय. कागद लावून बघितला.” मग उठताना, “तो पोरगा दुपारपर्यंत पुलावर उभा होता. वस्तीतली पन्नास माणसं होती. मी होतो. तू यायचास असं त्यानं सांगितलं होतं.”

त्यानंतर गफूरनं मला कधी काम पाठवलं नाही. सलाम केला तर घ्यायचा, स्वतःहून करायचा नाही.

बाकी कोणाला काही झालं नाही. गुरुजी म्हणाले, वायरमननं काय बसवलं ते आम्हाला काय माहीत, आम्ही मास्तर माणसं. पोपट म्हणाला, मी गाडी चालवतो, सीटखाली वाकून बघत नाही. दोघांचंही खरं मानलं गेलं. भानुदासची दोन बोटं आखडली ती आखडलीच. डाव्या हातानं बोर्ड रंगवायला त्याला वर्ष लागलं. गाडी मात्र तेव्हापासून वस्तीत जाते आणि उकळत नाही. तीन वर्षांनी गुरुजी गेले. वरच्या आळीतली सगळी माणसं होती. भर उन्हात गाडी त्यांना पोचवून आली, काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. मी सोबत चाललो होतो, मी बघितलं.

मधे बरीच वर्षं गेली. मागच्या वर्षी लिंबाजीची बायको गेली. तिच्या अंत्ययात्रेचं सांगतो आणि संपवतो, कारण पुढं सांगण्यासारखं काही नाही.

मला वाटलं गाडी जाईल. गाडी गेलीही होती, समितीच्या नव्या माणसांनी न मागता पाठवली होती. ती मोकळीच परत आली. मागून यात्रा आली. खांद्यावर. पुढच्या डाव्या दांडीला भानुदास होता. आता त्याचेही केस पिकलेत. त्यानं आखडलेली बोटं दांडीवरून सैल सोडली होती, वजन मनगटावर घेतलं होतं.

मी दुकानातून उतरलो. चप्पल काढली. खांदा द्यायला कोणाला बोलवावं लागत नाही आणि येणाऱ्याला कोणी अडवत नाही. परका, वाटसरू, वैरी, कोणीही चार पावलं खांदा द्यावा, मागच्यानं सरकून जागा करावी, एवढी एक गोष्ट आमच्याकडं अजून शाबूत आहे. मी वस्तीतल्या माणसांतून वाट काढत पुढं गेलो आणि भानुदासच्या मागच्या माणसाच्या दांडीला हात लावला. तो माणूस धापा टाकत होता. मला जागा करून द्यायला तो बाजूला सरकू लागला.

भानुदासनं मान वळवली. चालणं थांबवलं नाही.

“राहू द्या मामा,” तो म्हणाला. “माणसं आहेत.”

मग त्यानं मागं बघून हाक मारली. गर्दीच्या शेवटाला एक म्हातारा काठी टेकत, लंगडत येत होता. माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा. त्यानं काठी शेजारच्या बाईकडं दिली, पुढं आला आणि मी हात लावलेल्या दांडीखाली खांदा घातला. मी हात काढून घेतला.